रडू आलं, ते आधी लिही

प्रिय,

येशिलचामवरचं, म्हणजे जुन्या तुर्की सिनेमावरचं, तुझं टिपण वाचलं. योगायोग, आंधळेपण, गरीब-श्रीमंतांची प्रेमं, भडक झूम... यादी बरोबर आहे, पण ती कुणीही पहिल्या अर्ध्या तासात करेल. शेवटी तुला रडू आलं, हे फोनवर सांगितलंस. टिपणात ते कुठेच नाही. सुरुवात तिथूनच कर.

येशिलचाम ही इस्तंबूलच्या बेयोग्लू भागातली गल्ली. तिथे निर्मात्यांची ऑफिसं होती. १९७२ साली तुर्कस्तानात जवळपास ३०० चित्रपट निघाले. पैसा बराचसा अदाना, इझमीर, सामसून इथल्या वितरकांनी आगाऊ दिलेला, त्यामुळे नटी कोण आणि शेवट कसा, यात त्यांचा शब्द चाले. शूटिंगला आवाज घेतच नसत. प्रॉम्प्टर संवाद सांगायचा, डबिंग नंतर, अनेकदा दुसऱ्याच्याच आवाजात. सगळा भार चेहऱ्यावर! नटी तुर्कान शोरायचे डोळे ‘सुंदर’ म्हणून एका ओळीत उडवू नकोस.

‘आवारा’ तिथे तुफान चालला होता, हे खरंच. पण ‘म्हणजे आपल्यासारखंच’ म्हणून मोकळं होऊ नकोस.

दिग्दर्शक आतिफ यिलमाझचा ‘सेल्वी बोयलुम, अल याझ्मालिम’ पुन्हा बघ. नाव म्हणजे साधारण ‘सुरूच्या बांध्याची, लाल रुमालाची माझी’. मूळ कथा किर्गिझ लेखक चिंगीझ ऐतमातोव यांची. ट्रक ड्रायव्हर इल्यास म्हणजे कादिर इनानिर. लोक तिकीट काढून आले ते त्याच्यासाठी आणि तुर्कानसाठी. तो बायकोला, अस्याला (म्हणजे तुर्कानला), सोडून जातो. तिला आणि पोराला जेमशित नावाचा दुसराच माणूस सांभाळतो. मग इल्यास परततो आणि अस्याचं मन अजूनही त्याच्याकडेच ओढ घेतं. तरी ती जेमशितकडे वळते. प्रेम म्हणजे काय होतं, असं ती मनात विचारते, आणि उत्तराला शब्द येतो ‘एमेक’. तू त्याचं ‘श्रम’ केलंस. मला कामगार खातं आठवलं. आपल्याकडे आई पोरासाठी ‘खस्ता’ खाते ना, तो शब्द जास्त जवळचा. हिरोलाच हरवणारा हा मेलोड्रामा आहे, आणि तू त्याला ‘ठरीव’ म्हणतेयस!

लुत्फी आकादचा ‘वेसिकाली यारिम’ (१९६८) त्यानंतर बघ. भाजीवाला आणि नाइटक्लबातली बाई. तिथे खलनायकच नाही.

आधी ‘सेल्वी’ची शेवटची दहा मिनिटं आवाज बंद करून बघ. पोरगं कुणाकडे धावतं ते बघ, आणि मग पहिला परिच्छेद पाठव.

तुझा,
सर