पहिल्या पानाच्या तळाशी काय लिहिलंय?

प्रश्न : माझे काका १९८१ ते १९८९ अमेरिकेत नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात दीडशेच्या आसपास कॉमिक्स सापडली. मार्व्हल किंवा डीसीचं एकही नाही. पॅसिफिक, एक्लिप्स, फर्स्ट, कोमिको, कॅपिटल, फँटाग्राफिक्स अशी प्रकाशकांची नावं आहेत. घरचे म्हणतात, रद्दी आहे, देऊन टाक. मला टाकवत नाही. या प्रकाशकांमध्ये फरक काय होता, आणि त्यांतला चांगला कोणता?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : देऊ नका. तुम्ही लिहिलेली सहाही नावं मी एकाच फळीवर शेजारी शेजारी पाहिली आहेत, त्यामुळे तुमचं पत्र वाचल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचेना.

१९८३ साली मी ग्रंथालयशास्त्र शिकायला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेले. लहानपण मराठी इंद्रजालमधल्या वेताळावर पोसलेलं. कॉमिक म्हणजे एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर चिमट्याने टांगलेली वस्तू, एवढीच माझी समजूत. मॅडिसनमध्ये पहिल्यांदा फक्त कॉमिक्स विकणारं दुकान पाहिलं. आत शिरले ती थंडी वाजत होती म्हणून, आणि पुढची चार वर्षं दर शुक्रवारी जात राहिले.

आम्हाला वर्गात एक सवय लावली होती. पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठ बाजूला ठेवायचं आणि आधी हक्कांची ओळ वाचायची. कॉमिकमध्ये ती पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला असते, मुंगीएवढ्या अक्षरांत. एका शुक्रवारी मी दोन अंक काउंटरवर शेजारी ठेवले. एक मार्व्हलचा, हक्क कंपनीचे. दुसरा पॅसिफिकचा ‘ग्रू द वाँडरर’. हक्क सर्जिओ आरागोनेस यांचे, म्हणजे ज्याने ते पात्र काढलं त्याचे. प्रकाशकाचं नाव नुसतं प्रकाशक म्हणून. मराठी कादंबरीवर ‘सर्व हक्क लेखकाधीन’ वाचत आलेल्या मला यात नवल वाटायला नको होतं. पण अमेरिकी कॉमिक्समध्ये हे नवलच होतं. तिथे पानामागे ठरलेले पैसे मिळायचे आणि पात्र, कथा सगळं कंपनीचं व्हायचं. फँटास्टिक फोर आणि हल्क यांच्या निर्मितीत ज्याचा निम्मा वाटा, त्या जॅक कर्बीचीही यातून सुटका नव्हती.

म्हणून या प्रकाशकांची तुलना कागद, रंग किंवा आजच्या भावावरून करू नका. ती ओळ वाचा, आणि मग बघा की प्रकाशक बुडाला तेव्हा चित्रकाराच्या हातात काय राहिलं. कारण यांतले बहुतेक बुडाले.

आधी हे लोक उभे कसे राहिले ते सांगते. स्टॉलवरचा धंदा परतीवर चालायचा. न खपलेला माल परत, पैसे वजा. छोट्या प्रकाशकाला हे झेपणं शक्यच नव्हतं. १९७०च्या दशकात फिल सूलिंग या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने वेगळा सौदा बसवला. कॉमिक्सच्या दुकानांनी जास्त सवलतीत माल घ्यायचा, पण तो परत करायचा नाही. दुकानदार दोन-तीन महिने आधी यादीवर आकडे भरून द्यायचा, वितरक ते एकत्र करायचा, आणि छपाईयंत्र सुरू होण्याआधीच प्रकाशकाला कळायचं की किती प्रती लागणार. आमचा दुकानदार काउंटरवर बसून पेन्सिलीने ते आकडे भरायचा, खोडायचा, पुन्हा भरायचा. कोणाच्या नवीन पुस्तकाच्या पाच प्रती मागवाव्यात की आठ, यावर तो गिऱ्हाइकांशी मनापासून चर्चा करायचा. एकेका छोट्या मासिकाचं आयुष्य त्या पेन्सिलीवर ठरत होतं.

पॅसिफिक सॅन डिएगोचं, बिल आणि स्टीव्ह शेन्स या भावांचं. १९८१मध्ये त्यांनी थेट कर्बीलाच घेऊन सुरुवात केली. ‘कॅप्टन व्हिक्टरी’ हे पात्र कर्बीच्या मालकीचं, वर खपावर मानधन. चौसष्टाव्या वर्षी त्या माणसाला हे मिळालं. पण पॅसिफिकने झेपेल त्यापेक्षा जास्त पसारा मांडला आणि १९८४मध्ये सगळं आटोपलं. तीनच वर्षं. तरीही मी त्याला अपयशी म्हणणार नाही. डेव्ह स्टीव्हन्सचा ‘रॉकेटिअर’ पॅसिफिकच्याच ‘स्टारस्लेअर’ या मासिकात मागच्या पानांवर पुरवणीसारखा सुरू झाला होता. पॅसिफिक बुडाल्यावर स्टीव्हन्स तो घेऊन एक्लिप्सकडे गेला, तिथून कोमिकोकडे, आणि १९९१मध्ये डिस्नेने त्यावर चित्रपट काढला. ग्रूनेही अशीच घरं बदलली. पॅसिफिक, एक्लिप्स, मार्व्हलचा एपिक विभाग, इमेज, डार्क हॉर्स, आणि प्रत्येक घरी मालक आरागोनेसच.

एक्लिप्स डीन आणि जॅन मुलेनी या भावांचं. १९७८मध्ये त्यांनी ‘सेबर’ हे चित्रकादंबरीचं पुस्तक थेट कॉमिक्सच्या दुकानांसाठी काढलं, तेव्हा असं कोणी फारसं करत नव्हतं. तुमच्या कपाटात ‘डिस्ट्रॉयर डक’ असेल तर तो अंक वेगळा काढून ठेवा. लेखक स्टीव्ह गर्बर त्यानेच निर्माण केलेल्या ‘हॉवर्ड द डक’ या पात्राच्या हक्कासाठी मार्व्हलशी कोर्टात लढत होता. त्या खर्चासाठी १९८२मध्ये हा अंक निघाला आणि कर्बीने तो मोबदला न घेता काढून दिला. ग्रूचं पहिलं दर्शनही याच अंकात. एका सहकाऱ्याच्या वकिलाची फी भरण्यासाठी काढलेलं कॉमिक मी दुसरं पाहिलेलं नाही. १९८७मध्ये एक्लिप्सने व्हिझबरोबर मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, पंधरवड्याला आणायला सुरुवात केली, त्यांत शिरातोचा ‘कामुई’ होता. त्याआधी १९८६च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या रशियन नदीला पूर आला आणि मागच्या अंकांचा जवळजवळ सगळा साठा भिजून गेला. सावरले, पण १९९०च्या दशकात बंद झाले.

एक्लिप्सचीच ‘मिरॅकलमन’ मात्र दुसऱ्या टोकाची गोष्ट. अॅलन मूरचं लेखन, नंतर नील गेमनचं. हक्क इतक्या जणांत विभागले होते की प्रकाशक गेल्यावर नेमकं काय कोणाचं यावर वर्षानुवर्षं कज्जे चालले आणि पुस्तक वाचकाला मिळेनासं झालं. ते पुन्हा बाजारात यायला २०१४ उजाडलं. तुमच्याकडे त्याचे अंक असतील तर आधी वाचा, मग बाकीचं.

फर्स्ट शिकागोजवळचं, १९८३चं. या सगळ्यांत कामाला सर्वांत शिस्तशीर. अंक ठरलेल्या महिन्यात दुकानात हजर. हॉवर्ड चेकिनचा ‘अमेरिकन फ्लॅग’ त्यांचा. २०३१च्या शिकागोत घडणारी गोष्ट. केन ब्रुझेनॅकने त्यातली अक्षरं अशी लिहिली आहेत की जाहिराती, टीव्हीचा आवाज, बंदुकीचे बार, सगळं चित्राच्याच अंगात मुरलेलं. पहिल्या वाचनात मी दोन पानांवर अर्धा तास अडकले होते. ‘लोन वुल्फ अँड कब’ हा जपानी मांगा इंग्रजीत आणला तेही फर्स्टनेच, फ्रँक मिलरच्या मुखपृष्ठांसह, पण पुरा नाही करता आला. अठ्ठावीस खंडांची ती मालिका पुढे डार्क हॉर्सने तडीस नेली.

कोमिको पेनसिल्व्हेनियाचं. छपाई आणि रंग देखणे, आणि मॅट वॅग्नर हा त्यांचा खरा शोध. ‘मेज’ आणि ‘ग्रेंडेल’ त्याचे. ‘रोबोटेक’ या टीव्ही मालिकेच्या कॉमिक्सनी पैसा दिला. मग त्यांनी स्टॉलवरच्या वितरणात उडी घेतली, जिथे माल परत येतो. परतीचे गठ्ठे आले आणि १९९०मध्ये दिवाळं निघालं. ‘ग्रेंडेल’ त्यात अडकला. वॅग्नरला तो डार्क हॉर्सकडून पुन्हा काढता येईपर्यंत काही वर्षं गेली. हातात पेन्सिल आहे, डोक्यात गोष्ट आहे, वाचक थांबलेत आणि काढता येत नाही. पॅसिफिक बुडालं तेव्हा स्टीव्हन्सचं असं झालं नाही, वॅग्नरचं झालं. मी तुलना म्हणते ती ही.

कॅपिटल आमच्या मॅडिसनचं, म्हणून माझा जीव त्यात जरा जास्त. माइक बॅरन आणि स्टीव्ह रूड यांचा ‘नेक्सस’ १९८१मध्ये इथे सुरू झाला. सामूहिक हत्या करणारे लोक ज्याच्या स्वप्नात येतात आणि त्यांना मारल्याशिवाय ज्याचा छळ थांबत नाही, असा नायक. पहिले तीन अंक काळे-पांढरे आणि मोठ्या आकाराचे. तिसऱ्यात कागदासारखी वाकणारी एक ध्वनिमुद्रिका घातलेली होती, गोष्ट ऐकत ऐकत वाचण्यासाठी. खोलीतल्या मैत्रिणीच्या रेकॉर्ड प्लेअरवर ती घसरायची, म्हणून आम्ही वर पंचवीस सेंटचं नाणं ठेवून ऐकली. १९८४मध्ये कॅपिटलने प्रकाशन थांबवलं आणि ‘नेक्सस’ फर्स्टकडे गेला.

राहिलं फँटाग्राफिक्स. पातळ, काळं-पांढरं, रंगीत नायकांच्या शेजारी गरीब दिसणारं. १९८२पासून त्यांनी हर्नांडेझ भावांचं ‘लव्ह अँड रॉकेट्स’ छापलं. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्तीतल्या मुली आणि पालोमार नावाचं एक काल्पनिक गाव. पात्रांची वयं खरोखर वाढतात, अंगं सुटतात, मैत्र्या तुटतात. हक्क भावांचे, आणि प्रकाशक आजही तोच. चांगला कोणता म्हणून विचारलंत तर माझं उत्तर फँटाग्राफिक्स. डोळ्यांना सर्वांत सुख मात्र रूडच्या रेषेने दिलं, हेही तितकंच खरं.

प्रश्न : माझ्याकडे निन्जा कासवांचा १९८४चा पहिला अंक आणि त्याच काळातली वीसेक काळी-पांढरी कॉमिक्स आहेत. विकली तर लाखो रुपये येतील का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कासवांच्या अंकाचे येऊ शकतात, तो पहिल्या छपाईचा आणि अस्सल असेल तर. केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये घरच्या घरी तो काढला, काही पैसे ईस्टमनच्या काकांकडून उसने घेऊन. पहिली छपाई ३,००० प्रतींची, नेहमीच्या कॉमिकपेक्षा मोठ्या आकारात. नंतरच्या छपाया आहेत आणि बनावट प्रतीही फिरतात, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका.

बाकीच्या विसांचं सांगते. कासवं चालल्यावर १९८६मध्ये काळ्या-पांढऱ्या प्राणीवीरांचं पीक आलं. लोक वाचायला नाही, साठवायला घेऊ लागले, एकाच अंकाच्या दहा-दहा प्रती. दुकानांनी त्या हिशेबाने मागवलं. १९८७मध्ये घेणारे थांबले आणि माल परत करायची सोय तर मुळातच नव्हती. मी जिथे जायचे तिथे त्या वर्षी मागच्या खोलीत छताला टेकतील असे गठ्ठे होते. दुकानदाराने त्यावर चादर घातली होती. वितरकाचे पैसे थकले, उन्हाळ्याच्या आत दुकान बंद झालं. त्या लाटेत वाईट पुस्तकांबरोबर चांगलीही गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या विसांत काय आहे ते शांतपणे वाचून बघा. विकायला बहुधा काही निघणार नाही.

प्रश्न : मी चित्रकार आहे. एका छोट्या प्रकाशनाने माझी चित्रकथा स्वीकारली, पण करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं आहे. पहिलंच पुस्तक आहे, सही करून टाकू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आज करू नका. १९८८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थहॅम्प्टन इथे स्कॉट मॅक्लाउड, डेव्ह सिम, ईस्टमन, लेअर्ड आणि इतर काही जणांनी मिळून कॉमिक्सकारांच्या हक्कांची बारा कलमी सनद लिहिली. संपूर्णपणे आपण निर्माण केलेल्या गोष्टीची मालकी आपली, मूळ चित्रं परत मिळण्याचा हक्क, आणि सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क, ही त्यांतली कलमं. कायदा म्हणून तिला काही बळ नव्हतं, पण त्या लोकांनी काय काय गमावलं होतं ते त्यातून नीट कळतं.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा तुमच्या मदतीला आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तुमच्या करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आहे, म्हणजे मुदत लिहिलेली आहे, आणि तोच शब्द तुम्हाला नडेल. त्याजागी वर्षांचा आकडा मागा. नाटक, चित्रपट, भाषांतर यांचे हक्क वेगळे लिहायला सांगा. मूळ चित्रं परत कधी येणार ते विचारा. छोटे प्रकाशक बहुतेकदा वाईट हेतूने असं लिहीत नाहीत, कोणाचा तरी जुना मसुदा उचललेला असतो. नीट विचारलंत तर बदलून देतील. आणि आणखी एक वाक्य लेखी घालून घ्या : प्रकाशन बंद पडलं किंवा पुस्तक अमुक महिने छापून आलं नाही, तर सगळे हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतील. महिन्यांचा आकडा कोरा सोडू नका.