मार्गदर्शकाशी वाद झाल्यास विद्यापीठातील ओम्बड्स कार्यालय

अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे संशोधक, म्हणून रुजू होण्यापूर्वी, मार्गदर्शकाशी वाद झाल्यास दाद कोणाकडे मागायची, असे तुम्ही विचारले आहे. अधिकृत संकेतस्थळांवर तक्रारीचे नमुने मिळतील, म्हणून मी केवळ ओम्बड्स कार्यालयाविषयी, म्हणजे वाद अनौपचारिकपणे सोडवायला मदत करणाऱ्या तटस्थ कार्यालयाविषयी, लिहिते. तुमच्या प्रश्नाने माझ्या मनातले जे ढवळून निघाले, ते अजून निवळलेले नाही.

मिशिगन स्टेट विद्यापीठात असे कार्यालय १९६७ मध्ये सुरू झाले. आता ते अनेक विद्यापीठांत आहे. ते निवाडा देत नाही आणि कोणाची बाजू घेत नाही. तेथील बोलणे गोपनीय राहते, गंभीर इजेचा तातडीचा धोका असेल तेवढा अपवाद. मात्र तिथे बोलणे म्हणजे अधिकृत तक्रार नव्हे. भेदभावाविरुद्ध अमेरिकी सरकारच्या समान रोजगार संधी आयोगाकडे जाण्याची १८० दिवसांची, अनेक राज्यांत ३०० दिवसांची, मुदत त्यामुळे थांबत नाही.

माझा वाद शोधनिबंधावरील लेखकांच्या क्रमाचा होता. त्याच सुमारास माझ्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद विभागात अडकले होते. प्रत्येक खेपेला नवे पत्र मागितले जाई, आणि ते पत्र मार्गदर्शकांनीच द्यायचे असे. नोकरी सुटली तर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हे ठाऊक असताना ज्याच्या सहीवर आपला मुक्काम अवलंबून आहे त्याच्याशी श्रेयावरून वाद घालण्याचे धैर्य कोठून आणायचे, हे मला कोणत्याच माहितीपत्रकात सापडले नाही. एकटेपणाचे म्हणाल, तर तो सोसता येतो. आईवडिलांना फोनवर ‘सगळे ठीक आहे’ सांगत राहणे मला त्याहून जड गेले.

ओम्बड्स अधिकाऱ्यांनी मला विचारले, लेखकांत पहिले नाव तुम्हाला कशासाठी हवे आहे? पुढच्या नोकरीच्या अर्जासाठी, हे मी तोवर स्पष्ट शब्दांत मांडलेच नव्हते. मध्यस्थीच्या बैठकीत कळले की पहिल्या नावाचा दुसरा दावेदार असलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्याच निबंधावर अवलंबून होता. कोण खरे, हा प्रश्न बाजूला ठेवून कोणाला काय लागते यावर बोलणे सुरू झाले, आणि दोघांच्या समान योगदानाची नोंद निबंधावर करण्याचे ठरले. मार्गदर्शकांनी ते मान्य केले. माझे काम डावलले गेले होते, एवढे मात्र ते कधीच म्हणाले नाहीत, आणि मला ते शब्द आजही हवे आहेत. मध्यस्थीतून तडजोड मिळते, कबुली मिळेलच असे नाही.

म्हणून लेखकांचा क्रम पहिल्याच महिन्यात ईमेलवर ठरवून घ्या, घडलेल्या गोष्टींची तारीखवार नोंद स्वतःकडे ठेवा, कारण ओम्बड्स कार्यालय सहसा तुमच्या नावाने नोंदी जपत नाही, आणि मुदतवाढीचे कागद सुरू होण्याच्या बरेच आधी तिथे जा.