ज्यांना नेमलं, तेच आडवे आले

प्रश्न : अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्षच नेमतात. कोर्टाजवळ ना फौज, ना तिजोरी. मग ते राष्ट्राध्यक्षाला अडवणार कसं? हे नुसते दाखवायचे दात नाहीत का?

उत्तर : नेमतात खरे, तेही सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने, पण नेमल्यावर राष्ट्राध्यक्षाला त्यांना काढता येत नाही. गोम तिथेच आहे. कायदा शिकवत होतो तेव्हा या विषयाला मी १९५२च्या पोलाद खटल्यापासूनच हात घालायचो.

कोरियात युद्ध चालू, पोलाद कामगार संपाच्या तयारीत. लढाईला पोलाद कमी पडेल म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिलला हुकूम काढून देशातले बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घेतले. कंपन्या कोर्टात धावल्या. नऊच्या नऊ न्यायाधीश ट्रुमन यांनी किंवा त्यांच्याच पक्षाच्या रूझवेल्ट यांनी नेमलेले. तुमच्या हिशेबाने निकाल ठरलेलाच! पण २ जूनला ६ विरुद्ध ३ मतांनी ट्रुमन हरले. त्यांनी नेमलेल्या चौघांतले दोघे विरोधात गेले. त्यातले टॉम क्लार्क तर त्यांचेच माजी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख.

या निकालातलं न्यायाधीश रॉबर्ट जॅक्सन यांचं स्वतंत्र मत आजही वकिलांच्या तोंडी असतं. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, पाठीशी असेल तर राष्ट्राध्यक्षाचं बळ सर्वांत जास्त, ती गप्प असेल तर मामला धूसर, आणि तिच्या इच्छेविरुद्ध गेला तर बळ सर्वांत कमी. कारखाने ताब्यात घेण्याची अशी मुभा १९४७मध्ये काँग्रेसपुढे आली होती आणि तिने ती दिली नव्हती. ट्रुमन नेमके तिथे अडकले.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचंही तेच. १९७४मध्ये वॉटरगेट प्रकरणाच्या खटल्यासाठी त्यांच्या संभाषणांच्या टेप देण्याचा आदेश ८ विरुद्ध ० मतांनी आला, तोही त्यांनीच नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गर यांच्या लेखणीतून.

मात्र कोर्ट दर वेळी लगामच घालतं असं समजू नका. १ जुलै २०२४ला त्याच कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी माजी राष्ट्राध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण दिलं. मला तो निकाल पटलेला नाही.

फौजेचं म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे. कोर्टाची सगळी भिस्त समोरचा ऐकेल यावरच असते. ट्रुमन चिडले, पण त्यांनी त्याच दिवशी कारखाने परत करायला सांगितलं, आणि पुढे सात आठवड्यांहून जास्त चाललेला संप सोसला.