डोहाळजेवणाची धास्ती आणि रात्रीची ओकारी

प्रश्न : मी २७ वर्षांची, पहिलटकरीण. सहावा महिना सरत आलाय. चारचौघांत मला घास उतरत नाही, सगळे आपल्याच ताटाकडे बघतायत असं वाटतं. ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणून जो तो वाढतो. दिवसभर चहावर काढते, रात्री घर झोपलं की मिळेल ते उभ्याउभ्या खाते आणि घशात बोटं घालून ओकते. आठवड्यातून तीन-चारदा. उंची १५५ सेंमी, वजन ५२ वरून ५७ किलो. डॉक्टर म्हणतात, सगळं छान. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. काय करू?

उत्तर : हे डॉक्टरांना सांगाच. तुमच्या बांध्याला नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढ योग्य धरतात. तुम्ही त्याच वाटेवर आहात, म्हणून काट्यावर काही दिसत नाही. पण ओकारीत पोटॅशियम जातं, ते फार घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. नुसतं ‘उलट्या होतात’ म्हणालात तर उलटीची गोळी मिळेल आणि मूळ दुखणं तसंच राहील. ‘मी स्वतः काढते, आठवड्यातून इतक्यांदा’ असं म्हणा. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. सोडियम-पोटॅशियमची तपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. यात तुमचा दोष नाही.

रात्री मन आवरण्याची धडपड आत्ता नको. रात्रीची ती भूक सकाळच्या उपासातून येते. उठल्यावर तासाभरात थालीपीठ-दही, अकराला केळं आणि मूठभर शेंगदाणे, दुपारी पोळी-भाजी-वरण, चारला दूध, आठला जेवण. चार तासांहून जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. सध्या खोलीत एकटीनं खाल्लंत तरी चालेल.

ओकारी झालीच तर लगेच दात घासू नका, आम्लानं मऊ झालेला दाताचा थर घासला जातो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भरा, अर्ध्या तासानं ब्रश करा. लोहाची गोळी रात्री घेत असाल तर ओकारीत जाते, दुपारी घ्या. चहा तिच्यापासून तासभर लांब, कॅल्शियम दोन तास.

माणसांची भीती टाळल्यानं वाढते, म्हणून लहान पायऱ्या. आधी एका विश्वासाच्या माणसासमोर चहा-बिस्किट, धडधड ओसरेपर्यंत उठायचं नाही. तीन-चारदा जमलं की दोघांसमोर जेवण. डोहाळजेवणाला माणसं मोजकी ठेवायला सांगा, तासभर आधी घरी खाऊन घ्या. आग्रह नवऱ्यानं थोपवायचा : ‘डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय.’ पोटावरून बोलणाऱ्यांनाही त्यानंच अडवावं, हे काम तुमच्यावर नको.

चक्कर, छातीत धडधड, ओकारीत रक्त किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री फार घुसमट झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.