आजोबांना दिलेली डोनेपेझिल गोळी म्हणजे फवारणीच्या औषधासारखंच विष असतं काय?

तुम्ही लिहिलंय की ७४ वर्षांच्या आजोबांना विसरायला होतंय म्हणून बेळगावच्या डॉक्टरनी डोनेपेझिल ५ (मिलीग्रॅम) दिली आणि गल्लीतल्या एकानं सांगितलं की हे कोबीवर मारायच्या औषधाचंच भावंड, बंद करा. पहिलं म्हणजे गोळी आपल्या मनानं बंद करू नका. मी खानापूर भागात १८ वर्षं मेडिकल चालवतोय, आणि त्या माणसाचं बोलणं अगदीच खोटं नाही, म्हणूनच नीट सांगायला पाहिजे.

आपल्या नसा स्नायूला, हृदयाला, आतड्याला निरोप देतात ते अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. १९२१ मधे ओटो लोवीनी बेडकाच्या एका हृदयाची नस चेतवून ते मंद केलं आणि त्यातलं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं तर तेही मंद पडलं, तेव्हा हे सिद्ध झालं (१९३६ चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेलना मिळालं). निरोप पोचला की ते रसायन लगेच मोडावं लागतं, ते काम कोलिनएस्टरेज हे एन्झाइम करतं. एन्झाइम अडवलं की रसायन साचत जातं. डोनेपेझिल हेच करते, मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन कमी पडतंय तिथं असलेलं जरा जास्त टिकावं म्हणून. आणि मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस ही फवारणीची औषधं पण हेच करतात. फरक आहे तो मात्रेचा आणि पकडीचा. गोळी एन्झाइमला धरते आणि सोडते, फवारणीचं औषध चिकटून बसतं आणि वेळेत उपचार झाला नाही तर ती पकड सुटतच नाही, मग शरीरानं नवीन एन्झाइम तयार करेपर्यंत थांबावं लागतं.

हे मी जवळून बघितलंय. आमचे मामा वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून कोबीवर पंप मारत होते, तोंडाला फडकं पण नव्हतं. संध्याकाळी तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, जुलाब, दंडाचे स्नायू फडफडायलेत, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. दवाखान्यात रात्रभर छाती मोकळी होईपर्यंत अ‍ॅट्रोपीन देत राहिले, बरोबर एन्झाइमवरची पकड सोडवणारं प्रालिडॉक्झिम, म्हणून मामा वाचले. अ‍ॅट्रोपीन म्हणजे आपल्या बांधावरच्या धोतऱ्यात असतं त्याच जातीचं द्रव्य, ते साचलेल्या रसायनाचा निरोप अडवतं. तो धोतरा कुणी खाल्ला तर उलटं होतं, तोंड कोरडं, बाहुली मोठी, माणूस भ्रमात, आणि तिथं फायसोस्टिग्मीन हे डोनेपेझिलसारखंच एन्झाइम अडवणारं औषध उतारा म्हणून देता येतं. एकाचं विष ते दुसऱ्याचं औषध, सगळं मात्रेवर.

याच फायसोस्टिग्मीननं १९३४ साली मेरी वॉकर या डॉक्टरनी मायस्थेनियाच्या (स्नायू दुबळे पडायच्या आजाराच्या) पेशंटची पडलेली पापणी उचलली. आज तिथं पायरिडोस्टिग्मीन देतात. ऑपरेशननंतर स्नायू सैल करायच्या औषधाचा असर उतरवायला नियोस्टिग्मीन, काचबिंदूला पायलोकार्पीनचे थेंब, लघवी तुंबली तर काही वेळा बेथानेकॉल. निपाणीकडं ओली तंबाखूची पानं हाताळणाऱ्यांना मळमळ, चक्कर येते ना, ते पण याच वाटेवरचं, निकोटीन कातडीतून आत जाऊन अ‍ॅसिटिलकोलीनच्याच एका जातीच्या रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या जागेवर) बसतं, त्या रिसेप्टरचं नावच निकोटिनिक.

आता तुमच्या आजोबांचं. गोळी रात्री झोपताना द्या, भयानक स्वप्नं पडायला लागली तर सकाळी द्यायची काय ते डॉक्टरना विचारा. पहिले काही आठवडे मळमळ, पातळ जुलाब, भूक कमी हे होऊ शकतं, म्हणूनच ५ वर ४ ते ६ आठवडे ठेवून मग १० करतात. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका, ती शरीरात बरेच दिवस राहते. चक्कर येऊन पडले किंवा नाडी फार मंद लागली तर त्याच दिवशी दाखवा, बीपीची अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर जास्तच लक्ष ठेवा. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर तेही सांगा. विसरण्याचा आजार या गोळीनं मुळातून जात नाही, काहींना काही काळ बरं चालतं एवढीच आशा ठेवा.

एक चूक मात्र मी काउंटरवर पुन्हा पुन्हा बघतो आणि मला फार वाईट वाटतं. एकीकडं डोनेपेझिल, दुसरीकडं वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन नाहीतर सर्दीची झोप आणणारी गोळी. ही अ‍ॅसिटिलकोलीन अडवतात, म्हणजे एक हात पुढं ढकलतोय, दुसरा मागं ओढतोय, आणि म्हातारं माणूस आणखीच गोंधळतंय. आणि ती लघवी कधी कधी डोनेपेझिलमुळंच वाढलेली असते की ओ! म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, पोटदुखीच्या पण, एका पिशवीत घालून डॉक्टरसमोर ठेवा.

आजोबा शेतात जात असतील तर जाऊ देत, पण फवारणी चालू असेल त्या दिवशी लांब ठेवा, दोन्हीचा भार एकाच एन्झाइमवर पडतो. आणि पुढं कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरना ही गोळी चालू आहे म्हणून आधीच सांगा, भुलीच्या वेळची काही औषधं त्यामुळं जास्त वेळ टिकतात.