आधी जाहिरात वाचा, मग ‘हॅरिएट’ दाखवा

प्रश्न : ताई, आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. रविवारच्या मराठी शाळेत मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवते. याच मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून पळालेली आणि पुन्हा पुन्हा परत येऊन इतरांना सोडवणारी हॅरिएट टबमन, तिच्यावरचा ‘हॅरिएट’ (२०१९) हा चित्रपट त्यांना दाखवावा असं मनात आहे. घरी तो पाहून माझ्या मुलानं विचारलं, “ती पळाली, मग बाकीचे का नाही पळाले?” मला नीट सांगता आलं नाही. शिवाय मुलांनी भित्तिपत्रकावर ‘हॅरिएटनं ३०० जणांना सोडवलं’ असं लिहिलंय. ते ठेवू का?
– एक वाचक, मेरीलँड

उत्तर : चित्रपट जरूर दाखवा, पण त्याआधी मुलांच्या हातात एक कागद द्या. ३ ऑक्टोबर १८४९ ही तारीख असलेली, पळालेल्या गुलामांना पकडून देण्याबद्दलची ती जाहिरात आहे, हॅरिएटची मालकीण एलायझा ब्रोडेस हिनं दिलेली. मिंटी, वय सुमारे २७, रंग तपकिरी, दिसायला छान, उंची सुमारे पाच फूट. ही मिंटी म्हणजेच हॅरिएट. सोबत बेन आणि हॅरी हे तिचे भाऊ. राज्याबाहेर पकडलं तर प्रत्येकी १०० डॉलर बक्षीस, राज्यातच सापडले तर ५०. माणसाचं असं वर्णन मुलांना मोठ्यानं वाचू द्या. मी शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा हे वारंवार पाहिलंय: कागद आधी वाचला की मुलं पडद्यालाच प्रश्न विचारतात. चित्रपट आधी पाहिला, तर त्यांना तोच पुरावा वाटतो.

तुमच्या वर्गात पहिला प्रश्न आपोआप येईल. जाहिरातीत तिघं आहेत, मग चित्रपटात ती एकटी कशी? पहिल्या खेपेला तिघं निघाले, भाऊ कचरले, आणि त्यांच्याबरोबर तिलाही मागे फिरावं लागलं. त्यानंतर ती एकटी गेली. चित्रपटात ही माघार नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

मालकिणीचा मुलगा गिडियन आणि पळालेल्यांना पकडणारा काळा बिगर लाँग ही दोन्ही पात्रं रचलेली आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगा. बिगर लाँगबद्दल तर आवर्जून सांगा. नाहीतर काळ्यांचा पाठलाग काळेच करत होते, असं चित्र कोवळ्या डोक्यात बसेल. पाठलाग करणारे बहुतेक गोरे होते आणि कायदा त्यांच्या बाजूनं होता. पळालेल्यांना मालकाकडे परत पाठवायला लावणाऱ्या १८५० च्या कायद्यानं तर ती पळून पोचली ते, गुलामगिरी नसलेलं फिलाडेल्फियासुद्धा सुरक्षित राहिलं नाही, म्हणून पुढे तिला माणसांना थेट कॅनडात सेंट कॅथरिन्सपर्यंत न्यावं लागलं.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. त्याला रेचेलची गोष्ट सांगा. रेचेल ही हॅरिएटची धाकटी बहीण. तिची दोन मुलं तिच्यापासून वेगळी ठेवलेली होती आणि त्यांना सोडून ती निघायला तयार नव्हती. हॅरिएट तिच्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली. १८६० मध्ये ती शेवटच्या फेरीला आली तेव्हा रेचेल वारली होती. मुलांना सोडवायला ३० डॉलर लाच द्यावी लागणार होती. तेवढे पैसे हॅरिएटकडे नव्हते, म्हणून मुलं तिथंच राहिली. न पळणाऱ्यांमध्ये धैर्य कमी नव्हतं. त्यांची लेकरं मालकाच्या ताब्यात होती. तेरा वर्षांच्या मुलाला हे कळतं, तुम्ही सांगायला कचरू नका.

हॅरिएटला दिसणाऱ्या दृष्टान्तांबद्दलही मुलं विचारतील. लहानपणी बकटाउनच्या दुकानात एका मुकादमानं दुसऱ्या गुलामावर फेकलेलं दोन पौंडाचं वजन तिच्या डोक्याला लागलं, तेव्हापासून तिला अचानक गुंगी येई. देव आपल्याशी बोलतो, अशी तिची श्रद्धा होती. दोन्ही गोष्टी सांगा, निवाडा मुलांना करू द्या.

मराठी शाळा आहे म्हणून एक आग्रह धरते. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिका वर्गात वाचाच. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं. तेव्हा हॅरिएट न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न इथं हयात होती, ती गेली १९१३ मध्ये. आपली मुलं राहतात त्या देशाचा इतिहास पुण्यात कुणीतरी इतक्या आपुलकीनं पाहत होतं, हे त्यांना माहीत असायलाच हवं.

मारहाणीचे प्रसंग आहेत, पालकांना आधी कल्पना द्या.

भित्तिपत्रकावरचा ३०० हा आकडा मात्र खोडा. तो एका जुन्या चरित्रातून पसरला. अभ्यासकांच्या हिशेबानं सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसं. मुलं हिरमुसतील, तर त्याखाली कोंबाही नदीवरची मोहीम लिहायला सांगा. २ जून १८६३ ला साउथ कॅरोलिनात अमेरिकेच्या यादवी युद्धात हॅरिएट उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैन्याबरोबर गेली आणि त्या मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले.