जुन्या ट्रेलर-ट्रकचं इंजिन तापून बंद पडलं, हेड उतरवायचं का?

तुम्ही लिहिलंय की लोड घेऊन चढावर असताना काटा लालमध्ये गेला, मग एकदम खाली आला आणि थोड्या वेळानं गाडी बंद पडली. मेकॅनिक हेड, म्हणजे सिलिंडरवरचं इंजिनचं झाकण, उतरवा म्हणतोय. थांबा. सेल्फ तर अजिबात मारू नका.

काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं नाही. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचं दाखवतो. त्यानंतर गाडी किती चालली ते ड्रायव्हरला विचारा, नुकसानीचा अंदाज त्यावरून येईल.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा नट हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे आत उतरलं असेल तर आधी तेच गळेल. ऑइलच्या झाकणाखालच्या दुधी थरावर जाऊ नका, तो थंडीत नुसत्या वाफेनंही धरतो. मग इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्येच अडलं तर जोर लावू नका, सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नटातून पाणी आलं तर चेंबर उतरवा, रेडिएटरला हातपंपानं झाकणावर लिहिलेलं प्रेशर द्या आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. लायनरच्या (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीच्या) आतून ओघळ आला तर गॅसकेट (हेडखालचं सील) गेलंय किंवा हेडला नाहीतर लायनरला तडा आहे. लायनरच्या बाहेरच्या अंगानं थेंब आले तर ओ-रिंग (लायनरभोवतीच्या रबरी रिंगा) गेल्या.

पाणी आलं नाही, इंजिनही मोकळं फिरलं, तर कुलंट भरून थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघा. इथेच मी एकदा फसलोय. बुडबुडे दिसले म्हणून हेड उतरवलं, तर गॅसकेट धड आणि हेडही सरळ. तडा होता एअर कॉम्प्रेसरच्या (ब्रेकच्या टाक्यांत हवा भरणाऱ्या पंपाच्या) हेडला. त्यातही इंजिनचंच पाणी फिरतं, त्यामुळे हवा थेट कुलंटमध्ये जात होती. म्हणून आधी हवेच्या टाक्या रिकाम्या करा. एकानं केबिनमध्ये प्रेशरचा काटा बघायचा, दुसऱ्यानं रेडिएटर. टाक्या भरून कॉम्प्रेसर कट-ऑफ झाला (हवा भरायचा थांबला) आणि बुडबुडे थांबले, तर दोष बहुतेक कॉम्प्रेसरचा. तरीही येतच राहिले, तर मात्र हेड उतरवा, सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून ते वाकलंय का तपासा, लायनरची उंचीही मोजा. नवी गॅसकेट त्यानंतरच.